उजव्या हाताची खुर्ची

२२ मार्च, शनिवार. किंगमन, ॲरिझोना

सकाळी सव्वानऊला युमा सोडलं. आज तीनशे चाळीस किलोमीटर. आकाश स्वच्छ, वारा पश्चिमेचा, सहाही टायर ठीक.

एकतीस वर्षं कॅनोराच्या शाळेची बस चालवली, तेव्हा रोज संध्याकाळी नोंदवहीत एवढंच लिहायचं असायचं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सवय गेली नाही. बसच्या वहीत मनातलं लिहायला जागा नव्हती, इथे आहे, एवढाच फरक. ही वही झोनियाने परवा आणली. स्वस्तातली दिसते. पानांवरच्या रेघा मधेच पोटात दुखल्यासारख्या वाकल्यात. मी म्हटलं, असली छपाई शाळेतल्या पोरांनीसुद्धा परत केली असती. तिने वही हातात घेतली, पान बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"कुठली रेघ वाकडी दिसते तुला?"

मी बोट ठेवून दाखवलं. तिने वही परत दिली आणि भांडी धुवायला लागली.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातलं आमचं घर इथून सव्वीसशे किलोमीटर. नववा हिवाळा युमातल्या फिरत्या घरांच्या वसाहतीत काढून आमची राहायची गाडी घेऊन परततोय. निघताना वेंडेल निरोप द्यायला आला होता. आमच्या समोरच्याच ओळीत त्याची गाडी असते. मूळचा आयडाहोचा, चाळीस वर्षं मोठे ट्रक चालवलेले, बायको जाऊन तीन वर्षं झाली. मला म्हणाला, "सावकाश जा, ओरेस्ट. दोघं मिळून जा." दोघं नाही तर काय चौघं जाणार. झोनियाचा हात त्याने जरा जास्तच वेळ धरला असं मला वाटलं. जाऊ दे.

पुढची काच बघून घ्यायला हवी. ऑक्टोबरात दगड लागून फुटली म्हणून बदलली, पण बसवणाऱ्याने दुय्यम काच घातली आहे. त्यातून विजेचे खांब कंबरेत वाकलेले दिसतात. दुपारभर खांबांनी मला वाकून नमस्कार केले.

२४ मार्च, सोमवार. फिलमोर, युटा

आज एक प्रकार झाला. जसा झाला तसा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी उलटसुलट सांगायला नको.

बीव्हरच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. एकच पट्टा खुला. ऊन समोरून. मी साठच्या वेगाने जात होतो, कायद्याने जेवढं जायचं तेवढंच. अचानक झोनिया ओरडली आणि तिने माझा दंड धरून ओढला. मी डावीकडे वळवली. उजवीकडून काहीतरी केशरी सरकलं. शंभर मीटरवर गाडी उभी केली. मागून एक मुलगी धावत आली, केशरी जाकीट, हातात 'थांबा' लिहिलेली पाटी. पाटी मोडली होती.

"आजोबा, मी तुमच्या अगदी समोर उभी होते," ती म्हणाली. "अगदी समोर. मी हात हलवत होते."

मी सांगितलं, बाई, उन्हाकडे पाठ करून उभं राहायचं नसतं, चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप येते. एकतीस वर्षं मी रोज अडतीस मुलं नेली-आणली, एकाला ओरखडा नाही. तिचा चेहरा मला नीट दिसला नाही. मधे एक धुरकट डाग आल्यासारखं झालं होतं, उन्हामुळेच. झोनिया खाली उतरली आणि तिचे दोन्ही हात धरून बराच वेळ बोलत राहिली. परत आली तेव्हा डोळे लाल. मी म्हटलं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस, हल्लीच्या पोरांना बोलायची रीत राहिलेली नाही.

"ती मेली असती, ओरेस्ट."

"मेली नाही ना?"



२५ मार्च, मंगळवार. पोकाटेलो, आयडाहो

झोनियाला नवीन खोड लागली आहे. दिसेल ती पाटी मोठ्याने वाचते. "पुढे वळण आहे. सत्तरची मर्यादा. उजवीकडून ट्रक घुसतोय. लाल दिवा लागलाय, ओरेस्ट, लाल." ती रेडिओ असती तर बंद तरी करता आली असती. मी दोनदा सांगून पाहिलं. ती म्हणते, तिला वेळ जात नाही म्हणून वाचते.

दुपारी डिझेल भरायला थांबलो तिथे बर्निस भेटली. मॅनिटोबाची, युमातल्या आमच्याच वसाहतीतली, तिथल्या चर्चचं गायनमंडळ तीच सांभाळते. नवराही बरोबर होता. गप्पा झाल्या. मग झोनियाला मिठी मारून बर्निस म्हणाली, "यंदा तुझ्याशिवाय आमचा सूर पार बसला गं. पुढच्या हिवाळ्यात तरी ये."

मी नळी हातात धरून उभा. नोव्हेंबरापासून दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी झोनिया गाण्याचं पुस्तक काखेत मारून तालमीला जायची. दोन-दोन तास.

गाडीत बसल्यावर विचारलं. म्हणाली, "बर्निसच्या काही लक्षात राहत नाही हल्ली." वसाहतीतल्या प्रत्येकाच्या नातवंडांचे वाढदिवस बर्निसला तोंडपाठ आहेत.

मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

२६ मार्च, बुधवार. डिलन, मोंटाना

जेवणानंतर झोनिया फोन घेऊन बाहेर गेली. थंडी कडाक्याची, तरी बाहेर. मी खिडकीतून पाहत होतो. ती येरझारा घालत बोलत होती आणि मोकळा हात हवेत फिरवत होती, गोल, पुन्हा गोल. आनंदात असली की ती असे हात करते. आत आली तर गाल लाल.

"कोण होतं?"

"लॅरिसा."

लॅरिसा आमची मुलगी, रेजायनाला परिचारिका आहे. या वेळी तिची रुग्णालयात पाळी असते, हे मला माहीत आहे.

मग मी जे केलं ते अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात कधी केलं नव्हतं. ती अंघोळीला गेली तेव्हा तिचा फोन उचलला. अक्षरं मुंगीएवढी. सरळ बघितलं तर पुसली जात, तिरकं बघितलं तर थोडी लागत. खालचा मजकूर काही केल्या वाचता आला नाही. वरचं नाव मोठं होतं, ते लागलं. वेंडेल.

फोन होता तिथे ठेवला. चोरासारखं वाटलं. ते मला वाटावं की तिला, हे ठरवता येत नाही.

२८ मार्च, शुक्रवार. हावर, मोंटाना

आज भांडण. ग्रेट फॉल्सला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. झोनिया म्हणाली, इथे एक मोठा डोळ्यांचा दवाखाना आहे, तासाभराचं काम, बघून घेऊ. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांना काय झालंय? काच खराब आहे. चष्म्याचा नंबर घरी गेल्यावर काढू. ती म्हणाली, "मग कोपऱ्यावरच्या त्या इमारतीचं नाव वाच."

"माझी काय शाळा घेतेस?"

"वाच फक्त."

मी गाडी चालू केली आणि निघालो. मला कळत नाही असं तिला वाटतं. घर जसजसं जवळ येतंय तसतशी ती थांबायला कारणं काढतेय. काल तिला पोटात बरं नव्हतं. परवा एक पूल बघायचा होता. घरी जायचं नाही बाईला. दक्षिणेत काही राहिलंय तिचं.

संध्याकाळी लॅरिसाचा फोन आला, या वेळी खराच. "बाबा, वादळ येतंय. हावरलाच थांबा दोन दिवस." मी म्हटलं, मी वजा पस्तीस अंशांत बस काढलेली आहे. फोन झोनियाने घेतला आणि दोघी माय-लेकी हळू आवाजात बोलत बसल्या. माझं नाव दोनदा ऐकू आलं.

उद्या सकाळी निघणार. दोन दिवसांत घरी.

२९ मार्च, शनिवार

नव्वद किलोमीटर झाले आणि वादळाने गाठलं. समोर पांढरं, मागे पांढरं. शेरीफच्या पोलिसांनी रस्ता बंद केला आणि सगळ्यांना एका खेड्यात वळवलं. धान्याच्या कोठाराच्या आवारात गाड्या लावल्यात. दोन मालट्रक, आम्ही, आणि आठ-दहा लहान गाड्या. लहान गाड्यांतली माणसं शाळेच्या हॉलमध्ये गेली. आम्हाला गाडीतच राहणं बरं, शेगडी आहे, बिछाना आहे.

वारा असा की गाडी हलते. दार उघडायला खांदा लावावा लागतो.

३० मार्च, रविवार

बंद.

दहा मीटर लांब, अडीच मीटर रुंद. पलंगापासून स्टिअरिंगपर्यंत चौदा पावलं. सकाळपासून किती वेळा मोजली ते सांगत नाही. खिडक्यांवर आतून बर्फ धरला आहे. झोनियाने कोबीच्या पानांत भात भरून शिजवला. ईस्टरच्या आधीचे उपास चालू आहेत म्हणून मांस नाही. चांगला झाला होता, सांगितलं मात्र नाही.

दुपारी ती म्हणाली, पत्ते खेळू. दोन डाव झाले. दिवा मिणमिणता, बदाम आणि चौकट सारखेच दिसत होते. मी चुकीचं पान टाकलं. तिने ते उचलून परत माझ्या हातात दिलं, लहान मुलाला देतात तसं. मी पत्ते टेबलावर टाकले आणि पलंगावर जाऊन पडलो. तिथून मला तिचा श्वास ऐकू येत होता. या गाडीत कुठेही गेलं तरी दुसऱ्याचा श्वास ऐकू येतो. पूर्वी ते बरं वाटायचं.

३१ मार्च, सोमवार

अजून बंदच. गॅसचा काटा ती वाचते आणि मला सांगते. उद्यापर्यंत पुरेल म्हणाली.

सकाळी कॉफी पिताना मी विचारून टाकलं. विचारलं नसतं तर डोकं फुटलं असतं.

"मंगळवारी आणि गुरुवारी तू वेंडेलकडे जात होतीस ना?"

तिने कप खाली ठेवला. "हो."

नाही म्हणेल अशी तयारी करून मी बसलो होतो.

"पाच महिने?"

"साडेचार. नाताळात सुट्टी घेतली."

"कशाला जात होतीस?"

"वेळ आली की सांगीन. आज नाही."

"तो विधुर माणूस. तू त्याच्याकडे सकाळी दोन-दोन तास. मी काय समजायचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणजे बघत असावी. खिडकीकडे पाठ होती, तोंड मला दिसलं नाही. "ओरेस्ट, मी एकाहत्तर वर्षांची आहे. माझा एक गुडघा लोखंडाचा आहे. तुझ्या डोक्यात जे चाललंय ते करायला मला आधी उचलून ठेवायला दोन माणसं लागतील."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे सांगणार नाहीस."

"सांगितलं तर तू किल्ल्या घेऊन बर्फात फेकशील."

याचा अर्थ मला लागला नाही, आणि अजूनही लागत नाही. किल्ल्यांचा काय संबंध. मी नको नको ते बोललो. तिच्या आईपर्यंत गेलो. शेवटी तिने कोट चढवला, टोपी घातली आणि दार ढकलून बाहेर पडली. मला वाटलं गेली. दोन मिनिटांनी परत आत आली, भुवयांवर बर्फ. जायला जागाच नव्हती.

रात्रीचं जेवण दोघांनी दोन वेळांना जेवलं. टेबल एकच.

१ एप्रिल, मंगळवार. ग्लासगो, मोंटाना

आजच लिहायचं. उद्या मी स्वतःच्या बाजूने लिहीन.

सकाळी वारा पडला. दहाच्या सुमारास शेरीफचा माणूस आला. बर्फ काढणारी गाडी एक पट्टा मोकळा करत पूर्वेला जाणार आहे, तिच्या मागे रांगेने सगळ्यांनी निघायचं. संध्याकाळी दुसरं वादळ येतंय, ते आलं की तीन दिवस परत बंद. "पुढच्या गाडीचे लाल दिवे सोडायचे नाहीत," त्याने प्रत्येक खिडकीशी येऊन सांगितलं. "मधे थांबायला जागा नाही. वळायलाही नाही."

निघालो. पुढे बर्फगाडी, मागे दोन मालट्रक, मग आम्ही, आमच्या मागे बाकीचे. दोन्ही बाजूंना खिडकीपर्यंत बर्फाच्या भिंती. वाऱ्याने जमिनीवरचा बर्फ धुरासारखा सरकत होता. पहिले दहा-बारा किलोमीटर ठीक गेले. झोनिया बोलत होती, कालचं सगळं गिळून बोलत होती. "सरळ. सरळच. थोडं डावीकडे. ट्रकचा वेग कमी होतोय."

मग मला ट्रक दिसेनासा झाला. समोर नुसता पांढरा रस्ता. मला वाटलं तो पुढे निघून गेला, रांग तुटली. मी वेग वाढवला.

"थांब," ती म्हणाली. मग किंचाळली. "ओरेस्ट, थांब."

मी पूर्ण जोर लावून ब्रेक दाबला. मागे कपाट उघडून ताटल्या फुटल्या. गाडी थांबली. समोर पांढरं.

मी मान थोडी डावीकडे वळवली. आणि डोळ्याच्या उजव्या कडेला ट्रक आला. अख्खा ट्रक, कोठाराएवढा, मागचे दोन्ही लाल दिवे पेटलेले. मी त्याच्याकडे सरळ बघितलं. गेला. परत मान वळवली. आला. सरळ बघितलं. गेला. तीनदा केलं.

"झोनिया, समोर ट्रक आहे?"

"आहे."

"किती लांब?"

"खाली उतरलास तर हात लावता येईल."

मला ती केशरी जाकिटातली मुलगी आठवली. अगदी समोर उभी होते, म्हणाली होती. मी तिला रीत शिकवत होतो. मग त्या अडतीस सीटा आठवल्या, रिकाम्या नाहीत, भरलेल्या.

ट्रक निघाला असावा. मागून भोंगे सुरू झाले. माझे हात स्टिअरिंगवर होते, सोडता येत नव्हते. बाजूला घ्यावी तर भिंत, मागे जावं तर रांग. पुढे जायचं एवढंच उरलं होतं आणि तेवढंच मला जमत नव्हतं.

झोनियाने पट्टा सोडला. उठली. माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली.

"ऊठ."

"तू? तू लहान चारचाकीशिवाय आयुष्यात काही चालवलं नाहीस."

"ऊठ, ओरेस्ट."

उठलो. ती बसली. खुर्ची पुढे ओढली. डावा आरसा, उजवा आरसा, मग खालचे दोन गोल आरसे, याच क्रमाने, एकेका बोटाने हलवून पाहिले. एका हाताने ब्रेकची हवा तपासली. हे कोणी आपलं आपण शिकत नाही. हे मोठे ट्रक चालवणारा माणूस शिकवतो, आणि तेही रोज घोटून घेतो तेव्हा. मी बसच्या नव्या ड्रायव्हरांना शिकवलंय, मला कळतं.

मी तिच्या उजव्या हाताच्या, सोबत्याच्या खुर्चीत बसलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा. पट्टा लावायला सापडेना, तिने न बघता हात लांब करून तो माझ्या हातात दिला आणि गाडी हलवली.

ग्लासगोपर्यंत एकशे पन्नास किलोमीटर. तिने एकदाही लाल दिवे सोडले नाहीत. मी काहीच केलं नाही. पाट्या वाचायलाही मला येत नव्हतं.

२ एप्रिल, बुधवार. सीमेजवळ

लोकांना वाटेल मी तिचे आभार मानले असतील. नाही मानले. काल संध्याकाळी मी तिला म्हटलं, "म्हणजे सगळ्या वसाहतीला माहीत होतं. बर्निस, वेंडेल, सगळ्यांना. मी एकटा गाढव."

"बर्निसला माहीत नव्हतं. वेंडेलला आणि लॅरिसाला होतं."

"वाळवंटात नेऊन शिकवायचा?"

"तेलाची रिकामी पिंपं मांडायचा आणि त्यांच्यामधून त्याचीच गाडी काढायला लावायचा. सुरुवातीला मी सगळी पाडली. एकदा त्याच्या खुर्चीवरून गाडी घातली. तो बसलेला नव्हता."

"मला का नाही सांगितलंस?"

"जानेवारीत सांगितलं. तुला आठवत नाही. मी म्हटलं, तुझ्या डोळ्यांचं काहीतरी बिनसलंय, दाखवून घे. तू तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीस आणि चौथ्या दिवशी मला बाजारात न नेता एकटाच गेलास. येताना वसाहतीच्या फाटकाचा खांब पाडलास. खांब वाकडा होता म्हणालास."

तो खांब वाकडाच होता, असं मी लिहिणार होतो. लिहीत नाही.

मग मी विचारलं, "इतके दिवस मला चालवू का दिलंस? ती मुलगी मेली असती तर?"

"ते मी रोज स्वतःला विचारते," ती म्हणाली. "मला तुझी भीती वाटत होती. रागाची नाही. तू ती खुर्ची सोडलीस की तुझं काय उरेल, याची. त्या भीतीपायी मी दुसऱ्याच्या पोरीचा जीव टांगणीला लावला. तो माझा गुन्हा, तुझा नाही."

मी म्हटलं, दोघांचा.

सकाळी सीमेवरच्या अधिकाऱ्याने खिडकीशी येऊन तिच्याकडे कागद मागितले. किती दिवस बाहेर होतात, काय घेऊन आलात, सगळं तिला. मग माझ्याकडे मान करून म्हणाला, "आणि हे?"

"माझा नवरा," झोनिया म्हणाली.

आजवर सीमेवर सगळी उत्तरं मी द्यायचो आणि 'माझी बायको' असं मी सांगायचो. आज मी सामानासारखा बसून होतो.

४ एप्रिल, शुक्रवार. रेजायना

लॅरिसाने दिलेल्या जाड मार्करने लिहितोय. एका पानावर सहा ओळी मावतात.

डोळ्यांची डॉक्टरीण लॅरिसाहून लहान असेल. तिने चौकोन छापलेला कागद समोर धरला आणि विचारलं, कुठली रेघ वाकडी आहे. मी दाखवली. ती म्हणाली, सगळ्या सरळ आहेत. मी झोनियाकडे वळलो. ती जमिनीकडे बघत होती.

उजव्या डोळ्याचं मधलं गेलं. बरंच आधी गेलंय, डावा सांभाळून घेत होता म्हणून कळलं नाही. आता डाव्यात रक्त झिरपतंय. डोळ्यात सुई टोचून औषध सोडतात. आज पहिली दिली. दर महिन्याला यावं लागणार.

"जानेवारीत आला असतात तर डावा जवळपास पूर्ण राखता आला असता," ती म्हणाली. "आता आहे तेवढा राखायचा प्रयत्न करू. कडेचं राहील. मधलं थोडं परत येईल किंवा येणार नाही."

"गाडी?"

"नाही, डेरकाच आजोबा."

आडनावापुढे आजोबा म्हणाली म्हणून बरं. साहेब म्हणाली असती तर जास्त लागलं असतं.

परवाना मी स्वतः खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला. तिने सांगितलं तो तिला द्यायचा नसतो, सरकारी कार्यालयात द्यायचा. मग परत उचलायची वेळ आली. ते ठेवण्याहून अवघड गेलं.

७ एप्रिल, सोमवार. घर

दुपारी तीनला पोचलो. घर कॅनोरापासून अकरा किलोमीटर. टपाल आणायचं तर अकरा, पाव आणायचा तर अकरा, चर्चला जायचं तर अकरा. आधी हे अंतर कधी अंगावर आलं नव्हतं. सगळीकडे चिखल आणि कडेकडेला मळका बर्फ. वारा खळ्यातून सरळ येतो. पन्नास वर्षं ज्या आवाराला मी आपलं म्हणत आलो त्याला आज कुंपण आहे असं वाटलं.

गाडी शेडमध्ये मागे घालायची होती. शेडचं दार गाडीहून जेमतेम दीड हात रुंद. दर वर्षी हे काम माझं आणि दर वर्षी मी एका दमात घालायचो. झोनिया स्टिअरिंगवर बसली आणि खिडकी खाली करून म्हणाली, "मागे जाऊन उभा राहा. मला हात दाखव."

"मला काय दिसणार आहे?"

"दहा मीटरची गाडी आहे, ओरेस्ट. ती दिसेल."

मी चिखलातून मागे गेलो. शेडच्या दाराचा खांब डावीकडे ठेवला, मान उजवीकडे वळवली. खांब दिसायला लागला, धुरकट, पण तो कुठे आणि गाडीची कड कुठे एवढं कळत होतं. मी हात हलवला. गाडी मागे आली. उजवीकडे दाखवलं, तशी उजवीकडे वळली. चिखलात चाकं जरा घसरली, तिने घाई केली नाही. शेवटचं वीतभर अंतर राहिलं तेव्हा मी मूठ वर केली. गाडी तिथल्या तिथे थांबली.

गाडीला मागे कॅमेरा आहे. समोरच्या पडद्यावर तिला सगळं दिसत असतं. ती आरशातून माझा हात बघत होती की पडद्यावर खांब, हे मी विचारलं नाही. ती उतरली, बूट झटकले आणि घराची किल्ली शोधायला लागली. मी तिथेच दारात उभा होतो. हात अजून वर होता.